धुराडं एक, धूर अनेक

जानेवारीची सकाळ, सातचा सुमार. ओझरच्या नदीकाठी येडगाव धरणाचं पाणी फुगून आलेलं आहे आणि त्याच्यावर धुकं पडून आहे. देवळातून घंटेचा आवाज येतो. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी सोन्याने मढवला असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्या कळसावर अजून ऊन पोचलेलं नाही. आज चतुर्थी नाही, मंगळवार नाही, त्यामुळे गर्दी बेताची आहे. अष्टविनायकाला निघालेली मंडळी लेण्याद्री गाठायच्या घाईत उभ्याउभ्याच चहा पिताहेत.

"तुम्ही पण लेण्याद्रीला का, ताई?" चहावाले काका विचारतात.

"नाही. मी इथेच आहे दिवसभर. धूर बघायला आलेय."

काका गाळणं हातात धरूनच हसतात. "धूर बघायला ओझरला? मग चेंबूरला जायचं ना!"

पण धूर इथेही दिसतोच आहे, आणि एका ठिकाणी नाही. एका लॉजच्या मागे अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलाय. हारवाल्यांनी कालची फुलं, कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एका कोपऱ्यात झाडून त्यांना काडी लावलीय. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत आणि प्रत्येक कोपीपुढे तीन दगडांची चूल पेटलीय. हे सगळे धूर आधी सरळ वर चढतात. झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर गेले की थबकतात आणि तिथून आडवे पसरायला लागतात, जणू वर कुणी पत्रा ठोकलाय.

थंडीत हे रोज घडतं. रात्री जमीन भराभर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि तिच्या वर ऊबदार हवेचा थर राहतो. एरवी धूर वर जाऊन पांगतो, थंडीत तो या थराखाली अडकतो. त्यात हे कुकडीचं खोरं, बाजूला डोंगर. उन्हाने जमीन तापेपर्यंत गाव रात्रीचाच धूर पुन्हा पुन्हा ओढत राहतं. खोलगट जागेतल्या प्रत्येक वस्तीचं हिवाळ्यात असंच होतं, तिथे एमआयडीसी असो वा नसो.

काकांनी साठी ओलांडलीय. मी विचारते, तुमच्या लहानपणी हवा कशी होती?

"लहानपणी धूर म्हंजे चुलीचा आन् गुऱ्हाळाचा," ते म्हणतात. "गुऱ्हाळाचा धूर लांबनं गोड लागायचा. घरातला मात्र डोळ्यांत जायचा. आई लई खोकायची. पण ती धुरानं खोकती असं कुणी म्हणायचं नाय. बायका खोकत्यातच, असं होतं."

आता त्यांच्या घरी गॅस आहे. कोप्यांमधली बाई मात्र ओल्या लाकडावर फुंकर मारतेय आणि तिच्या पाठीशी झोळीत मूल निजलंय. ही टोळी बीडकडून आलीय. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात चुलीचा धूर कमी झाला हे खरं, पण जी माणसं हंगामापुरती येतात त्यांच्यासाठी तो होता तिथेच आहे.

आठ वाजता रस्ता जागा होतो. उसाच्या टायरगाड्या डुलत येतात, मागून ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर मावणार नाही एवढा ऊस आणि टेपवर कर्कश गाणं. सगळे एकाच दिशेने चाललेत, निवृत्तीनगरला. तिथल्या सहकारी साखर कारखान्याला या गावच्या देवाचंच नाव आहे: श्री विघ्नहर. वाटेत एका मोकळ्या वळणावर मी थांबते. समोर धुराडं आहे आणि त्यातून फिकट, पांढुरका लोट निघतोय.

पर्समधून मी एक कागद काढते. त्यावर पाच चौकोन छापलेत. पहिला करडा, मग एकेक पायरी गडद होत पाचवा ठार काळा. ही रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाची 1888 सालची युक्ती. कागद डोळ्यांसमोर धरायचा, धुराचा रंग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते पाहायचं आणि धुराला क्रमांक द्यायचा. हवेचं मोजमाप सुरू झालं ते असं, नुसत्या नजरेने. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध 1912 साली कायदा झाला तेव्हा गिरणगावच्या चिमण्या भरात होत्या आणि धुराचा गुन्हा म्हणजे त्याचा काळा रंग.

विघ्नहरचा लोट मी ताडून पाहते. पहिल्या चौकोनापेक्षाही फिका आहे. पास.

साखर पट्ट्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, पूर्वी असं नव्हतं. गळीत सुरू झालं की दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काळे कण पडायचे, पाण्याच्या हंड्यावर काजळीची साय यायची. एक टन ऊस गाळला की पावणेतीन ते तीन क्विंटल बगॅस उरतं. त्यात निम्मं पाणी असतं, आणि तेच बॉयलरला घालतात. जुन्या बॉयलरांत ते नीट जळत नसे, आणि जी राख वर उडे तिला धरून ठेवणारं फारसं काही नसे. पुढे बॉयलर बदलले. धुराड्याच्या आधी धूर पाण्याने धुणारी यंत्रं आली, विजेच्या भाराने कण खेचून घेणारी यंत्रं आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 साली सतरा प्रकारच्या मोठ्या प्रदूषक उद्योगांना धुराड्यावर सतत चालणारे मापक बसवायला सांगितलं, त्यात साखर कारखाने आले. 2016 च्या नियमाने कणांची मर्यादा घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम ठरवली. समोरच्या लोटात पांढरं दिसतंय त्यात मोठा वाटा वाफेचा आहे, कारण निम्मं पाणी कुठेतरी जाणारच. वाफेच्या आड आणखी काय आहे ते माझा कागद सांगू शकत नाही. ते सांगायला यंत्र लागतं, आणि कायद्याने ते धुराड्यावर बसवलेलं असतं.

एवढ्यात एक जुना ट्रॅक्टर चढावर गिअर बदलतो आणि माझ्या तोंडावर भपकारा सोडून जातो. कागद वर धरायलाही वेळ मिळत नाही, पण चौथा चौकोन नक्की. त्याच्या मागून आलेल्या नव्या ट्रकचा धूर दिसतच नाही. हा फरक कुणी ड्रायव्हर सज्जन आहे म्हणून पडलेला नाही. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या डिझेलमध्ये दहा लाखांत दहा हजार भागांपर्यंत गंधक चालत असे. एप्रिल 2020 पासून ती मर्यादा दहा भागांवर आली. रस्त्यावरच्या गाड्यांना बीएस-6 इंजिनं आली. ट्रॅक्टरचे नियम वेगळे, आणि ते नेहमी मागून आले. शेतातल्या यंत्राचा धूर शेतातच राहतो, असं गृहीत धरल्यासारखं. इथे तर तो महिनोन् महिने भर वस्तीतून चाललाय.

दुपारी नारायणगाव ओलांडून खोडदच्या वाटेला लागते. कांद्याच्या वाफ्यांपलीकडे, द्राक्षांच्या मांडवांवरून एकाएकी त्या प्रचंड तबकड्या दिसायला लागतात. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची, अशा एकूण 30. त्यातल्या 14 इथे खोडदजवळ, बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 25 किलोमीटर. पोलादी तारांच्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण इथे उभारली, कारण इथे शांतता होती. कानाला जाणवते ती शांतता वेगळी. रेडिओ लहरींना मोटारीच्या ठिणगीचा, वेल्डिंगचा, भट्टीच्या विजेचा, मोबाइल टॉवरचा गोंगाट नको असतो. म्हणून भोवतालच्या सुमारे 30 किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योग आणायचा तर दुर्बिणीवाल्यांची संमती लागते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखलेल्या मार्गालाही हीच दुर्बीण आडवी आली.

"दुर्बिणीनं आमची एमआयडीसी खाल्ली," रस्त्याकडेच्या टपरीवर ओझरचे एक गृहस्थ मला ऐकवतात. जुन्नर-आंबेगावात हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. त्यांचा मुलगा चाकणला जातो. रात्रपाळी करून सकाळी कंपनीच्या बसने नारायणगावला उतरलाय आणि डोळे चोळत बापाशेजारी बसलाय.

"आतमध्ये धूर नाहीच ओ मावशी," तो सांगतो. "फरशीवर जेवाल इतकं स्वच्छ. पेंट शॉपकडं गेलं तर वास येतो तेवढाच. खरी वाट लागते ती बाहेर. तळेगाव चौकात बस अडकली की अर्धा-अर्धा तास. खिडकी लावली तरी धूळ, उघडली तरी धूळ."

कारखान्याच्या हवेचा साठ-सत्तर वर्षांचा प्रवास या पोराने दोन वाक्यांत सांगून टाकलाय. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली एमआयडीसी आली, मागून मोटारींचे कारखाने आले. तिकडे तुर्भे-चेंबूरला पन्नाशीच्या दशकात तेलशुद्धीकरण आणि वीजकेंद्र, साठीत खतांचा कारखाना. चेंबूरचं 'गॅस चेंबर' झालं ते याच पिढीच्या डोळ्यांदेखत. तेव्हा धुराला पत्ता होता. कोणत्या चिमणीतून काय येतं हे वस्तीतल्या पोरांना ठाऊक असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. इंधनं बदलली, कोळसा आणि जड तेलाच्या जागी अनेक ठिकाणी गॅस आला, गंधक घटलं. डोळे झोंबवणारी ती जुनी हवा बरीच ओसरली. आणि तरी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या हवेची उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. त्या वेळी कोर्टात चर्चा झाली ती बांधकामांच्या धुळीची, राडारोड्याच्या उघड्या डंपरांची, जाळलेल्या कचऱ्याची. चिमण्या गेलेल्या शहराची हवा चिमण्यांशिवाय बिघडली होती.

सगळीकडे असं झालं असंही नाही. 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना हवा-पाणी-जमीन मिळून गुण दिले गेले तेव्हा चंद्रपूरला 100 पैकी 83.88 मिळाले, आणि तिथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. कोळसा खोदणं आणि जाळणं जिथे शेजारीशेजारी चालतं तिथे जुना काळा धूर अजून जुना झालेला नाही.

मी त्या पोराला विचारते, "तुला माहीत आहे का, तू ओझरला असताना तुला एक हवा आणि चाकणला गेलास की दुसरी, असं सरकारी मोजमाप होतं?"

तो बघतच राहतो. पण तसं होतं. हवेच्या 1994 च्या राष्ट्रीय मानकांनी देशाचे तीन भाग केले होते: औद्योगिक, निवासी व ग्रामीण, आणि संवेदनशील. हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीची चोवीस तासांची मर्यादा ग्रामीण भागात घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम होती, औद्योगिक भागात 500. म्हणजे फाटकाशेजारी खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराच्या लेकराने गावातल्या चुलतभावाच्या अडीचपट धूळ ओढली तरी कागदावर सगळं ठीक. ही विभागणी 2009 साली मोडली. औद्योगिक, निवासी, ग्रामीण सगळ्यांना एकच माप आलं. केसापेक्षा कितीतरी बारीक, फुप्फुसातून रक्तात उतरणाऱ्या पीएम 2.5 कणांची मर्यादा दिवसाला 60 आणि वर्षाच्या सरासरीला 40 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून वर्षाला फक्त 5 म्हणते. आपलं 40 सैल आहे, पण निदान सगळ्यांना सारखं आहे.

"मग आमच्या ओझरचं किती?" बाप विचारतो.

या प्रश्नाचं उत्तर मी आज दिवसभर शोधतेय. देवळापुढच्या चौकात उत्सवाचे फलक आहेत, वाढदिवसाचे आहेत, बिबट्यापासून सावध राहा म्हणून वनखात्याची पाटी आहे. हवेचा आकडा मला कुठेच लिहिलेला दिसला नाही.

साडेपाच. परत ओझरच्या शिवारात. ऊस तुटून गेलेल्या एका रानाच्या बांधावर शेतकरी दादा उभे आहेत, हातात पेटवलेल्या पाचटाचा बोळा. टोळीने वाढं कापून, मोळ्या बांधून फड रिकामा केलाय आणि मागे गुडघाभर वाळलेलं पाचट पडलंय. दादा वाऱ्याच्या बाजूने चालत जातात, चार पावलांवर बोळा टेकवतात, पुन्हा चार पावलं. आधी तडतड, मग एक लांब फुसकारा, आणि क्षणात आग माणसाच्या उंचीची होते. पिवळट, दाट धूर लोळत उठतो. आगीच्या पुढे किडे उडतात आणि त्यांच्यासाठी कोतवाल आणि बगळे घिरट्या घालतात. घारी वर. जळक्या पानांच्या काळ्या पट्ट्या तरंगत माझ्या खांद्यावर येऊन बसतात, ओढणीला घासलं की त्यांचं पीठ होतं.

कागद वर धरते. हा पाचापैकी कुठल्याच चौकोनात बसत नाही, कारण तो काळा नाही, पिवळा-पांढरा आहे. रिंगेलमानच्या हिशेबात हा जवळपास निर्दोष. माझा घसा मात्र खरवडल्यासारखा होतो आणि शेजारच्या वस्तीवरची वहिनी धावत येऊन खिडक्या लावते.

"जाळलं नाही तर काय करू?" मी काही बोलायच्या आत दादाच बोलतात. "खोडव्याला पाणी सोडायचंय. पाचट सरीत आडवं येतं. वेचायला माणूस मिळत नाय, मिळालं तर परवडत नाय. आन् त्यात बिबट्याची मादी बसली तर?"

यातलं एकही कारण खोटं नाही. आणि पलीकडच्या रानात उत्तरही आहे. तिथे पाचट जाळलेलं नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने त्याची कुट्टी करून सरीत पसरलीय, वर युरिया आणि कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिलंय. मी तिथे हात घालते. खालची माती ओली, गार, आणि तिच्यात गांडुळं आहेत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. जाळलं तर ते तासाभरात धूर, ठेवलं तर सेंद्रिय खत आणि एखाद्या पाण्याची बचत. दादांना हे ठाऊक आहे. "कुट्टीचं यंत्र गावात एखादंच, आन् हंगाम सगळ्यांचा एकाच वेळी," ते म्हणतात. "माझी पाळी येईस्तोवर खोडवा वाळून जाईल."

सूर्य कलतो. सकाळचाच थर पुन्हा जमायला लागतो. पाचटाचा धूर वर चढतो, आडवा होतो आणि हळूहळू वस्तीवर उतरायला लागतो. दूर धुराड्याचा लोट त्याच्या बराच वर आहे. उंच धुराडं बांधतात ते त्यासाठीच, वस्तीपासून धूर लांब पडावा म्हणून. बांधावरच्या धुराला उंची नाही. तो ज्याने लावला त्याच्या, त्याच्या पोरांच्या आणि कोपीत निजलेल्या त्या बाळाच्या नाकात थेट जातो.

दिवसभरात दिसलं ते इतकं स्पष्ट आहे की त्यावर वाद घालायला जागा नाही. हवेचा कायदा 1981 चा. त्याने चाळीसएक वर्षांत धुराड्यांना वेसण घातली, कुठे घट्ट, कुठे सैल. ज्या धुराला मालक होता, पत्ता होता, परवाना होता, त्याच्यामागे सरकारला जाता आलं. ज्याला यातलं काहीच नाही तो धूर मोकळा राहिला: कचऱ्याचा, पाचटाचा, ट्रॅक्टरचा, कोपीतल्या चुलीचा, उखडलेल्या रस्त्याचा. ओझरला एमआयडीसी आली नाही ही दुर्बिणीची कृपा म्हणा नाहीतर अवकृपा, पण 'आमच्याकडे कारखाने नाहीत म्हणजे हवा चांगली' हे म्हणणं आता टिकत नाही. एका धुराड्यावर चोवीस तास डोळा आणि शेकडो बांधांवर एकही नाही, ही देखरेख अर्धीच आहे.

दुरुस्ती महाग नाही. ऊस नेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने तोडीबरोबरच कुट्टीचं यंत्र त्या गटात पाठवावं आणि त्याचा खर्च ऊसबिलात धरावा. हवा मोजणारं साधं यंत्र गळिताचे पाच महिने चौकात लावावं, आणि रोजचा आकडा बिबट्याच्या पाटीशेजारी लिहावा. ऊसतोड कुटुंबांना हंगामापुरता गॅस देणं ही कारखान्याची आणि मुकादमाची जबाबदारी धरावी. यातल्या कशालाही दिल्लीची वाट पाहायची गरज नाही, एका ग्रामसभेचा ठराव सुरुवातीला पुरे. दिवसाला 60 ची मर्यादा चाकणला जेवढी लागू तेवढीच ओझरलाही लागू आहे. येत्या हंगामाआधीच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हात वर करून एवढंच विचारा: आमच्या गावचा आकडा किती?